कलेचा इतिहास सामान्य वाचकाच्या हाती

(जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणावरून)



कलेचा इतिहास सामान्य वाचकापर्यंत कसा न्यावा, या विषयावर चार शब्द बोलण्यासाठी आपण मला येथे बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मात्र प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी कलासमीक्षक नाही; पुरातत्त्वज्ञ तर नाहीच नाही. मी कला शाखेचा पदवीधर आहे. त्या शाखेच्या नावात कला असली तरी महाविद्यालयाच्या सगळ्या वर्षांत कोणी मला एकही चित्र दाखविल्याचे स्मरत नाही. पुढे माहिती खात्यात नोकरीस लागलो आणि लेणी, किल्ले, देवळे, संग्रहालये यांविषयी पत्रके व लेख लिहिण्याचे काम वाट्यास आले. ते काम करताना ज्या चुका केल्या आणि त्या चुकांनी जे शिकविले, तेवढ्याच अधिकारावर मी आपणांपुढे उभा आहे.

पहिल्या चुकीपासूनच आरंभ करतो. काही वर्षांपूर्वी अजिंठ्याविषयी एक पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी चार जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचले, टिपणे काढली आणि मोठ्या उत्साहाने लिहावयास बसलो. त्यातील एक वाक्य मला अद्याप पाठ आहे : 'या भित्तिचित्रांतील आकृतिबंधांचे लयबद्ध संयोजन आणि छायाभेदातून साधलेली घनता ही अभिजात भारतीय चित्रशैलीच्या परिपक्वतेची द्योतक होय.' हे वाक्य लिहून झाले तेव्हा मला मनस्वी समाधान वाटले होते. पत्रक छापले गेले, वाटले गेले. पुढे मे महिन्यात कामानिमित्त मी अजिंठ्यास गेलो, तेव्हा सोळा क्रमांकाच्या लेण्याबाहेर पायरीवर एक वृद्ध बाई बसलेल्या दिसल्या. जालन्याकडून आलेले ते कुटुंब होते. आजीबाई माझ्या पत्रकाची घडी करून तिने वारा घेत होत्या. शेजारी त्यांचा नातू आपल्या हातातील पत्रक मोठ्याने वाचीत होता. 'आकृतिबंधांचे' या शब्दापाशी तो अडखळला. तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. आतल्या त्या बाईला झालं काय, ते लिव्हलंय का बघ."

ते लिहिलेले नव्हते. 'मरणोन्मुख राजकन्या : करुणरसाचा उत्कृष्ट आविष्कार' एवढेच काय ते लिहिलेले होते. ती कोण, तिची मान अशी का कलंडली, पाठीमागून तिला सावरणारी दासी कोणत्या प्रसंगी धावून आली, यांपैकी काहीही माझ्या पत्रकात नव्हते. खरी गोष्ट अशी की, या चित्रातील स्त्री ही बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. नंदाचे मन पत्नीमध्ये गुंतलेले असतानाच तो भिक्षू झाला. त्याने उतरविलेला मुकुट परत घरी आला. तो पाहताच तिला जे कळावयाचे ते कळले आणि ती कोसळली. मी हे त्या आजीबाईंना पायरीवर बसून सांगितले. त्या पुन्हा उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला वाटते, त्या दिवशी माझ्या नोकरीतील खरे शिक्षण सुरू झाले.

मित्रहो, सामान्य वाचकाला कलेत गोडी नाही, असे आपण सहज म्हणून जातो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या भागाचा कर्ता अधिक उदार होता. चित्राकडे सारे एकाच दृष्टीने पाहत नाहीत, हे त्याने जाणले होते. जाणते गुरू रेषेची वाखाणणी करतात, कोणी छायाप्रकाश पाहतो, कोणाला दागदागिने आवडतात, तर इतर जनांना रंगांची समृद्धी भावते, अशा आशयाचे विवेचन त्याने केले आहे. येणाऱ्या प्रत्येकाला चित्रात काही ना काही मिळते, हे त्या ग्रंथकाराने गृहीत धरले. आपण मात्र पत्रके लिहितो ती फक्त रेषा पाहणाऱ्या गुरूंसाठी.

सामान्य माणसाचे प्रश्न साधे असतात. हे कोणी केले? कोणाच्या पैशाने केले? कशाने केले? किती दिवस लागले? चित्रातली गोष्ट काय? विद्वानांना शैली आणि कालनिर्णय यांत रस असतो, आणि तो असावयास हवाच. पण वरच्या साध्या प्रश्नांची उत्तरे विद्वानांच्याच ग्रंथांत दडलेली असतात. ती शोधून वर आणणे हे आपल्यासारख्यांचे काम. उदाहरणार्थ, सोळाव्या लेण्यातील कोरीव लेख सांगतो की, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे करविले. सव्विसाव्या लेण्यातील लेखात बुद्धभद्र नावाचा भिक्षू भेटतो. अश्मक देशाच्या राजाचा भव्विराज नावाचा मंत्री होता. तो बुद्धभद्राचा जिवलग मित्र. त्या मित्राच्या स्मरणार्थ हे लेणे अर्पण केल्याचे तो नोंदवितो. आता मला सांगा, मित्राच्या आठवणीसाठी डोंगर कोरविणारा माणूस कोणाला परका वाटेल? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे संपादन केले, आणि त्या राजवंशाविषयी मराठीतही ग्रंथ लिहिला. सामग्री आपल्या भाषेत आहे. ती कपाटात आहे, एवढेच.

आता भाषेविषयी थोडे. कलेचा इतिहास मराठीत लिहावयाचा म्हटला की आपण इंग्रजी संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द घडवू लागतो. शास्त्रीय ग्रंथासाठी परिभाषा हवीच, तिची थट्टा मी करणार नाही. पण पुष्कळदा नेमका शब्द गवंड्याच्या, कुंभाराच्या, घरातल्या बाईच्या तोंडी आधीच असतो. अजिंठ्याच्या चित्रांची कृती पाहा. खडकाच्या खरबरीत भिंतीवर मातीचा गिलावा दिला; त्यात भाताचे तूस, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू कालवले होते. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला. तो वाळल्यावर वर चित्र काढले. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, हिरव्यासाठी हिरवट दगडाची पूड. निळा रंग तेवढा दूरचा : तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदकशानच्या खाणींतून येई. ज्या बाईने आयुष्यभर कुडाला लिंपण केले आहे, तिला हा परिच्छेद समजावून सांगावा लागत नाही. उलट तीच आपणांस दोन गोष्टी सांगेल. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्यामुळे तेथे किडीचा उपद्रव कमी झाला असावा, असे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे मी एका खेड्यात सांगितले, तेव्हा मातीत काय मिसळले की वाळवी लागत नाही, यावर तेथे अर्धा तास चर्चा झाली. तो अर्धा तास कलेच्या इतिहासाचाच होता, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण सतराव्या लेण्यातील. बुद्ध भिक्षापात्र घेऊन आपल्याच घरच्या दारी आला आहे, समोर यशोधरा उभी आहे आणि ती राहुलाला पुढे करीत आहे, असे ते चित्र. त्यात बुद्ध प्रचंड उंच, आणि मायलेकरे अगदी लहान. पुष्कळ प्रेक्षक विचारतात की, चित्रकाराला माप कळत नव्हते काय? ग्रंथांत यासाठी भारदस्त संज्ञा आहे. मी ती दोन पत्रकांत वापरली आणि तिसऱ्यात सोडून दिली; कारण मराठीत आपण थोर माणसाला 'मोठा माणूस' म्हणतोच. चित्रकाराने तेच रंगात म्हटले आहे. एकदा एवढे सांगितले की पाहणाऱ्याचे लक्ष मापावरून उठून त्या लेकराच्या वर वळलेल्या तोंडाकडे जाते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सोपे लिहिणे म्हणजे वाटेल ते लिहिणे नव्हे. पहिल्या लेण्यात परदेशी टोप्या घातलेल्या काही व्यक्ती रंगविल्या आहेत. इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारी पाठविलेला वकील तो हाच, असे एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने मांडले. गोष्ट रंजक होती, म्हणून ती मार्गदर्शकांच्या तोंडी आणि पुस्तकांच्या पानांवर शतकभर फिरली. पण पुलकेशी सातव्या शतकातला. लेण्यांचा मोठा भाग वाकाटक हरिषेणाच्या काळी, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन पंडिताने आयुष्य अजिंठ्यापायी वेचले आणि ही सारी उत्तरकालीन लेणी जेमतेम वीस वर्षांत झाली, असे प्रतिपादन केले. वीस वर्षांविषयी मतभेद आहेत. पण पुलकेशीचा दरबार मात्र आता चित्रातून उठविला पाहिजे. माझ्या पहिल्या पत्रकात तो होता. दुसऱ्या आवृत्तीत मी तो काढला, तर एका वाचकाने रागाने पत्र लिहिले की, आमचा पुलकेशी कोठे नेलात? त्यांना मी दोन पानांचे उत्तर पाठविले. ते दोन पाने लिहिताना जो विषय मला समजला, तो पत्रक लिहिताना समजला नव्हता.

उलट, लोकांच्या तोंडची कथा इतिहास नसली तरी ती फेकून देऊ नये. वेरूळचे कैलास लेणे घ्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचे, आठव्या शतकातले ते लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत आणले आहे. मागची कातळभिंत शंभर फुटांहून उंच आहे. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात याची एक कथा येते. राजा आजारातून बरा व्हावा म्हणून राणीने देऊळ बांधण्याचा नवस केला आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा पण केला. बाकीच्या कारागिरांनी काही महिने मागितले. पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणाला, आठवड्यात कळस दाखवितो. आणि त्याने वरून कोरण्यास आरंभ केला. ही कथा घडलेली म्हणून कोणी सांगू नये. पण या लेण्यात कळस आधी झाला आणि पाया शेवटी, ही बांधणीतील खरी गोष्ट त्या कथेने शेकडो वर्षे सांभाळून ठेवली. लेण्याच्या छेदाचे आकृतीसह वर्णन करूनही मला जे साधले नव्हते, ते उपाशी राणीने एका वाक्यात साधले. बडोद्यास मिळालेल्या कर्कराजाच्या ताम्रपटात असे म्हटले आहे की, हे मंदिर पाहून खुद्द करणाऱ्यालाही आपण हे कसे केले याचे आश्चर्य वाटले. कथा आणि ताम्रपट शेजारी शेजारी ठेवावेत, आणि कोणते काय आहे ते वाचकाला स्पष्ट सांगावे. तो दोन्ही पेलू शकतो.

कला घरोघर नेण्याचा प्रयत्न आपल्याकडे पूर्वी झालाच नाही, असे मात्र नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती किती देवघरांत पोहोचल्या, हे मी सांगावयास नको. आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी ते चित्र अजून काचेत असेल. त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, अजिंठ्याच्या चित्रांचे दोन भव्य खंड लंडनमध्ये निघाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्यास जाऊन नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकी एक. त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ च्या लंडनमधील आगीत जळाल्या. त्याही आधी मेजर गिल यांनी १८४४ पासून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये तेथेच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. उरले ते खंड इतके महाग आणि इंग्रजीत, की अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने ते पाहण्याचा प्रश्नच नव्हता. रविवर्म्याचे चित्र चुलीजवळ आणि अजिंठ्याचे चित्र लंडनला, ही स्थिती पुष्कळ काळ राहिली. आज छायाचित्रे हातातल्या फोनवर आहेत. पण त्यांखाली चार ओळी शुद्ध आणि कळेल अशा मराठीत क्वचितच सापडतात.

अजिंठा-वेरूळविषयी मी एवढे बोललो, तरी माझी खरी काळजी निराळी आहे. ती लेणी जगाच्या नजरेत आहेत; १९८३ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत; तेथे रखवालदार आहेत. आपल्या गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळामागे, विहिरीच्या काठी जे दगड उभे किंवा आडवे पडलेले आहेत, त्यांना रखवालदार नाही. वीरगळ आपण सर्वांनी पाहिलेला आहे; वाचलेला मात्र थोड्यांनी आहे. तो पुस्तकासारखा वरून खाली वाचावयाचा नसतो, खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. तेथे गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन वाचविताना मेला असे समजावे. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गी नेत आहेत. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. माथ्यावर कलश आणि दोन बाजूंस चंद्र-सूर्य : जोवर ते आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात ज्या दगडावर दिसेल तो सतीचा दगड.

एका गावी मी असा वीरगळ धुणे धुण्याच्या जागी पालथा घातलेला पाहिला. कपडे आपटून आपटून पाठ गुळगुळीत झाली होती. गावकऱ्यांच्या साहाय्याने तो उलटला, तेव्हा खालच्या चौकटीत तीन गाई निघाल्या. गावातील कोणाचाही त्यात दोष नव्हता; तो काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी तेथेच उभ्याउभ्या तो वाचून दाखविला. एक म्हातारे गृहस्थ डोक्याचे मुंडासे काढून उभे राहिले. दुसऱ्या एका गावात मात्र मी उशिरा पोहोचलो. तेथे देवळाच्या जीर्णोद्धारात दोन वीरगळ काँक्रीटच्या पायात गेले होते आणि तिसऱ्याला चंदेरी तैलरंग फासला होता. काम करणाऱ्यांनी भक्तिभावानेच केले होते. त्या दिवशी मला आठवले की, या तालुक्याविषयी मी दोन लेख लिहिले होते आणि दोन्हींत 'मध्ययुगीन स्मृतिशिल्पे विखुरलेली आढळतात' असे एक वाक्य होते. ते वाक्य त्या गावात कोणाच्या उपयोगी पडणार होते?

म्हणून आपणा ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. १९६७ च्या कायद्याने या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यतेची आणि अनुदानाची चौकट मिळाली. आपल्या वाचनालयांपर्यंत माणसे येतात, शाळेची मुले येतात. आपल्या गावातील असे दगड, जुन्या मूर्ती, वाड्यांच्या भिंतींवरची चित्रे यांची एक वही करावी. दगड कोठे आहे, कोणत्या दिशेला तोंड आहे, चौकटी किती, वरून खाली काय दिसते, एवढे मुलांकडून लिहून घ्यावे आणि छायाचित्र लावावे. दगड हलवू नये. तो ज्या जागी आहे ती जागाही पुराव्याचा भाग असते. त्याला शेंदूर लागत असेल तर वाद घालू नये, पण तैलरंग आणि सिमेंट टाळण्याविषयी समजावून सांगावे. जमिनीत काही पुरातन सापडले तर १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावयाचे असते, हेही सूचनाफलकावर लिहावे. वहीतील एखादे पान दरमहा फलकावर लावावे, आणि ते लावण्यापूर्वी वाचनालयात वृत्तपत्र वाचावयास येणाऱ्या एखाद्या वृद्धाला वाचून दाखवावे. जेथे तो अडखळेल तेथे आपला शब्द बदलावा. मी आता माझी पत्रके कार्यालयातील शिपाईमामांना आधी वाचून दाखवितो. ते फार कडक परीक्षक आहेत. मागच्या खेपेस त्यांनी माझे 'अलंकरण' कापले आणि 'नक्षी' ठेवली.

वेळ झाली आहे, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. आपल्यापैकी काही मंडळी दिवाळीनंतर सहलीने अजिंठ्यास जाणार असल्याचे मला येथे आल्यावर समजले, म्हणून तेवढे सांगून थांबतो. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. मुलांना आदल्या दिवशी नंदाची आणि सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट सांगून ठेवा. दुसरी गोष्ट दहाव्या आणि सतराव्या, अशा दोन्ही लेण्यांत रंगविलेली आहे. आत गेल्यावर लगेच पुढे सरकू नका. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दाराशी थांबा. छायाचित्रासाठी झगझगीत प्रकाश पाडण्यास मनाई आहे, ती पाळा. आणि सोळाव्या लेण्यात गेलात, तर त्या बाईला काय झाले ते मुलांकडूनच वदवून घ्या.